डिव्हाइस झोपत नाही आणि पाण्याची उंची खोटी येते: लिनक्सचं रनटाइम पॉवर मॅनेजमेंट, मदत हवी

जांबोटी_रान · शुक्रवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं आमच्या गावाला जाताना मलप्रभेला मिळणाऱ्या ओढ्यावर एक बुटका पूल आहे. जुलैत तो पाण्याखाली जातो. शाळेची पोरं पलीकडून येतात, म्हणून पाण्याची उंची मोजून गावच्या ग्रुपवर कळवणारं एक यंत्र आम्ही तिघांनी बसवलंय. बोर्ड बीगलबोन ब्लॅक (लिनक्स चालणारा छोटा संगणक), 12 व्होल्ट 26 अँपिअर-अवरची बॅटरी, सोलर पॅनेल. पाण्यात सोडलेला 4 ते 20 मिलिअँपचा लेव्हल ट्रान्समीटर आहे. त्याला 24 व्होल्ट देणारा बूस्ट कन्व्हर्टर आणि आयटूसीवर (चिपा जोडायची दोन तारांची लाइन) एक एडीसी (मापाचा आकडा करून देणारी चिप). या जोडीचा कर्नल ड्रायव्हर मीच लिहिलाय, आयआयओ सबसिस्टिममध्ये (सेन्सरांसाठीची कर्नलची चौकट).

पूर्ण बोर्ड झोपवता येत नाही. वरच्या दोन वाड्यांतले लोरा (कमी विजेवर लांब जाणारा रेडिओ) नोड 865 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कधीही पॅकेट पाठवतात आणि ती घ्यायला हा बोर्ड जागा लागतो. म्हणून रनटाइम पीएम वापरायलोय: बोर्ड जागा, पण ज्याचं काम नाही ते डिव्हाइस बंद.

आठवडाभर झकास चाललं. दर 10 मिनिटांनी एक वाचन, मधल्या वेळात ट्रान्समीटर बंद. मग मी एडीसीच्या दुसऱ्या चॅनेलवरून तापमान पण वाचायला लागलो, आणि त्या दिवसापासून सगळं बिघडलं:

ट्रान्समीटर कधीच बंद होत नाही, म्हणजे साधारण 0.4 वॅट कायमचे जातात. पाण्याची उंची कधी 0, कधी भलताच आकडा. एरर मात्र एकही नाही! मंगळवारी ओढा पुलाला लागला होता आणि ग्रुपवर "0 सेमी" गेलं. कुणी पूल ओलांडला नाही हे नशीब. मला तेव्हापासून झोप नाही.

शिवाय यूएसबी मोडेम मधूनच गायब होतो, पण ते नंतर बघू.

निपाणीकर · रात्री 9:58

सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलरूपात दाखवतो ती जागा) त्या डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरात कंट्रोल फाइलमध्ये काय आहे? "ऑन" असेल तर कर्नल त्याला झोपवणारच नाही, "ऑटो" पाहिजे. आणि रनटाइम_स्टेटस काय दाखवतंय?

जांबोटी_रान · रात्री 10:06

कंट्रोल ऑटो. स्टेटस कायम ॲक्टिव्ह. सस्पेंडेड_टाइम वाढतच नाही, ॲक्टिव्ह_टाइम मात्र पळायलंय.

घटप्रभा_कालवा · रात्री 10:31

कर्नलमध्ये पीएम ॲडव्हान्स्ड डीबग हा पर्याय चालू करून पुन्हा बिल्ड करा. मग त्याच फोल्डरात रनटाइम_यूसेज अशी एक फाइल दिसेल. तो आकडा सांगा, आणि वाचन करणाऱ्या फंक्शनच्या पहिल्या दहा ओळी जशा आहेत तशा सांगा. मला एक शंका आहे, पण आकडा बघितल्याशिवाय बोलत नाही.

जांबोटी_रान · शनिवार, सकाळी 7:15

रात्री बिल्ड लावून झोपलो. काका, यूसेजचा आकडा आत्ता 37. दर दहा मिनिटांनी 2 ने वाढतोय.

फंक्शन असं आहे: आधी पीएम_रनटाइम_गेट_सिंक बोलावतो. त्यानं जे परत दिलं ते शून्य नसेल तर तेच मूल्य तसंच परत करून बाहेर पडतो. शून्य असेल तर एडीसी वाचतो, मार्क_लास्ट_बिझी, मग पुट_ऑटोसस्पेंड. ऑटोसस्पेंडची, म्हणजे काम संपल्यावर किती वेळानं झोपवायचं त्याची, मुदत 2000 मिलिसेकंद.

घटप्रभा_कालवा · सकाळी 8:50

शंका खरी निघाली. जरा सविस्तर लिहितो. हे मराठीत कुठं सलग लिहिलेलं मला सापडलेलं नाही आणि आपल्या भागातली बरीच पोरं मराठी शाळेतून थेट इंग्रजी इंजिनिअरिंगला जातात, त्यांनाही उपयोग होईल.

रनटाइम पीएमची चौकट कर्नल 2.6.32 मध्ये, म्हणजे 2009 च्या डिसेंबरात आली. राफाएल विसॉत्स्की यांचं काम. त्याआधी यूएसबीसारख्या बसची आपापली वेगळी सोय होती, सगळ्यांना मिळून एक हिशेब नव्हता. हा हिशेब म्हणजेच यूसेज काउंट. मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य काढलं, म्हणून मला तो कालव्यासारखा दिसतो. हिडकलहून पाणी सुटलं की मुख्य दार कधी बंद करायचं? पाळी घेणारा शेवटचा माणूस "माझं भिजलं" म्हणेल तेव्हा. प्रत्येकानं पाणी घेताना नाव लिहायचं, झाल्यावर नाव खोडायचं. गेट म्हणजे नाव लिहिणं, पुट म्हणजे नाव खोडणं. वहीत एकही नाव नाही झालं की कर्नल ड्रायव्हरला विचारतो, झोपवू का? आणि ड्रायव्हरचा रनटाइम_सस्पेंड कॉलबॅक बोलावतो. दार कसं लावायचं ते ड्रायव्हरला माहीत, कधी लावायचं ते वहीवर ठरतं. आणि पोटचारी चालू असेपर्यंत मुख्य दार लागत नाही, तसं मूल डिव्हाइस जागं असेपर्यंत ते ज्यावर जोडलंय ते पालक डिव्हाइसही झोपत नाही.

आता तुमची चूक. गेट_सिंक तीन प्रकारची उत्तरं देतं. डिव्हाइस झोपलेलं होतं आणि त्यानं उठवलं तर 0. उठवताना काही फसलं तर ऋण आकडा. आणि डिव्हाइस आधीच जागं असेल तर 1. हा 1 म्हणजे एरर नाही! तुम्ही शून्य सोडून सगळ्याला एरर धरलंत.

एकच वाचन होतं तोवर काय व्हायचं बघा. दहा मिनिटांत डिव्हाइस झोपलेलं असायचं, 0 यायचा, सगळं बरोबर. तापमान वाचायला लागलात तेव्हा पाणी वाचून दोन सेकंदांच्या आत दुसरं वाचन आलं. ऑटोसस्पेंडमुळे डिव्हाइस अजून जागं. उत्तर 1. तुम्ही बाहेर पडलात, पण नाव वहीत लिहिलं गेलेलं, खोडलं नाही. तिथून पुढं वही कधीच कोरी होत नाही, डिव्हाइस झोपत नाही, म्हणून प्रत्येक गेट_सिंकला 1 येतो, आणि प्रत्येक वाचनाला आणखी एक नाव. दहा मिनिटांत दोन वाचनं, दोन नावं. तुमचा 2 ने वाढणारा आकडा हाच.

गेट_सिंकचं आणखी एक ध्यानात ठेवा: उठवणं फसून ऋण आकडा आला तरी नाव लिहिलेलंच राहतं. तेव्हा पुट_नोआयडल करून ते खोडावं लागतं. मोठमोठ्या ड्रायव्हरांत ही गळती वर्षानुवर्षं सापडत राहिली, म्हणून 5.10 मध्ये पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आणलं. ते फसलं तर स्वतःच नाव खोडतं, आणि जमलं तर, डिव्हाइस आधी जागं असो वा नसो, 0 च देतं. तुम्ही ते वापरा. तुमची "शून्य नसेल तर बाहेर" ही ओळ मग आहे तशी चालेल.

जांबोटी_रान · सकाळी 9:12

काका, वाचून अंगावर काटा आला. पण एरर का दिसला नाही? मी 1 परत केला तर यूजरस्पेसला काहीतरी कळायला पाहिजे होतं की.

वडगाव_माग · सकाळी 9:47

त्याचं उत्तर मी देते, मी रोज याच कोडमध्ये असते (घर वडगावला, नोकरी बेंगळुरात).

आयआयओमध्ये रीड_रॉ फंक्शननं जे परत द्यायचं त्याचा अर्थ ठरलेला आहे. आयआयओ_व्हॅल_इंट म्हणजे "मी पूर्णांक मूल्य भरून दिलंय, ते छापा". आणि आयआयओ_व्हॅल_इंटची किंमत आहे 1.

म्हणजे गेट_सिंकचा 1 तुम्ही तसाच वर दिलात, आणि आयआयओनं त्याचा अर्थ घेतला की वाचन यशस्वी झालं. मूल्य तर तुम्ही भरलंच नव्हतं. स्टॅकवर जे पडलं होतं ते छापलं गेलं. काही कर्नलमध्ये स्टॅक आधी शून्यानं भरायची सोय चालू असते, तिथं 0 येतो, नाहीतर कचरा. एक 1 पॉवरच्या भाषेत "आधीच जागं आहे" म्हणतो आणि दुसरा 1 आयआयओच्या भाषेत "आकडा तयार आहे" म्हणतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. म्हणूनच ही चूक डोळ्यांना दिसत नाही, आणि तुम्हाला दिसली नाही यात कमीपणा मानू नका.

एक विनंती मनापासून: वाचन फसलं तर ग्रुपवर "0 सेमी" कधीच जाऊ देऊ नका. 4 ते 20 मिलिअँपच्या लूपमध्ये पाणी नसतानाही 4 मिलिअँप वाहतात. प्रवाह त्याहून बराच खाली गेला तर तार तुटली किंवा ट्रान्समीटर बंद आहे. तेव्हा "मोजता आलं नाही, पूल स्वतः बघा" असा संदेश जायला हवा. तुमच्या लूपनं ही सोय फुकट दिलेली आहे.

आता घटप्रभा काकांच्या कालव्यात एक दुरुस्ती. मूल जागं असेपर्यंत पालक झोपत नाही, हे यूएसबी आणि पीसीआयला लागू आहे. आयटूसीला नाही. आयटूसी ॲडाप्टरवर (म्हणजे ती लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरवर) "मुलांकडे लक्ष देऊ नको" अशी खूण कर्नल स्वतः करतो. तुमची एडीसी जागी असली तरी कंट्रोलर झोपू शकतो. प्रत्येक ट्रान्सफरच्या वेळी कंट्रोलरचा ड्रायव्हर स्वतःला उठवतो आणि पुन्हा मोकळा होतो. बीगलबोनवर हे फार महत्त्वाचं. क्लॉक बंद असलेल्या ब्लॉकच्या रजिस्टरला हात लावला तर थेट एक्स्टर्नल अबॉर्ट येतो आणि कर्नल ऊप्स देतो.

घटप्रभा_कालवा · सकाळी 10:05

ताई, दुरुस्ती मान्य. आयटूसीचं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या शेतावरचा कंट्रोलर पण आयटूसीवरच आहे, आता कोड पुन्हा बघतो.

उद्यमबाग_व्हीएमसी · सकाळी 11:20

मधी बोलतोय, माफ करा. मी कर्नल-बिर्नल लिहीत नाही, उद्यमबागेत व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन) चालवतो. आमच्या शॉपमध्ये प्रोग्राम पाठवायला एक जुना लॅपटॉप, त्याला यूएसबी टू सीरियल. एका सर्व्हिसवाल्यानं "बॅटरी वाढेल" म्हणून त्यात पॉवरटॉप (वीज वाचवायचं टूल) टाकून त्याचं ऑटो-ट्यून बूटला लावून गेला. मग अर्ध्या प्रोग्रामात लाइन तुटायची. एक चांगला जॉब वाया गेला, मालकाचं बोलणं मी खाल्लो. हे तेच काय?

निपाणीकर · सकाळी 11:41

होय दादा, तेच. ऑटो-ट्यून सगळ्या यूएसबी डिव्हाइसचं कंट्रोल "ऑन"चं "ऑटो" करून टाकतं. कर्नल आपणहून असं करत नाही: हब सोडले तर बहुतेक यूएसबी डिव्हाइस सुरुवातीला "ऑन"च असतात, कारण किती उपकरणं नीट उठत नाहीत हे कर्नल लिहिणाऱ्यांना माहीत आहे. ऑटो झाल्यावर 2 सेकंद काही काम नसलं की डिव्हाइस सस्पेंड. चांगलं उपकरण त्यातून उठतं. स्वस्तातली चिप पुष्कळदा उठत नाही, किंवा उठताना डेटा गाळते.

उपाय: ऑटो-ट्यून काढा. किंवा ठेवायचंच असेल तर यूडेव्हमध्ये (डिव्हाइस जोडलं की नियम लावणारी लिनक्सची सोय) त्या कन्व्हर्टरच्या व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडीवर एक नियम लिहा की पॉवर/कंट्रोल "ऑन" ठेव, आणि ऑटो-ट्यून झाल्यावरही तोच लागू होतोय हे बघा. टीएलपी (वीज वाचवायचं दुसरं टूल) वापरत असाल तर त्यात यूएसबी डिनायलिस्ट आहे, आयडी तिथं टाका. लॅपटॉप चार्जरवरच असतो ना? मग त्या एका डिव्हाइसचं झोपणं वाचवून काही मिळत नाही.

उद्यमबाग_व्हीएमसी · सकाळी 11:50

चार्जरवरच असतोय. आज दुपारच्या शिफ्टला काढून बघतो. लई उपकार.

जांबोटी_रान · दुपारी 12:30

निपाणीकर, माझा मोडेम पण असाच गायब होतो, आणि बॅटरी वाचवायला मी पण ऑटो-ट्यून लावलो होतो. म्हणजे तिथंही हेच असणार.

तोवर रिझ्यूम_अँड_गेट लावून बघितलो. यूसेज 0, स्टेटस सस्पेंडेड. पण आता उठल्यावरचं पहिलं वाचन कमी येतं, दुसरं बरोबर.

वडगाव_माग · दुपारी 12:52

ते वेगळं आहे. आधी डिव्हाइस कधी झोपतच नव्हतं म्हणून लपलं होतं. आणि आठवडाभर जे बरोबर वाटत होतं, ते खरंच बरोबर होतं का? पहिल्या आठवड्याचा लॉग पुन्हा तपासा.

तुमचा रनटाइम_रिझ्यूम बूस्ट कन्व्हर्टर चालू करून लगेच परततो का? 24 व्होल्ट मिळाल्यापासून ट्रान्समीटरचा प्रवाह स्थिर व्हायला वेळ लागतो, डेटाशीटमध्ये वॉर्म-अप टाइम म्हणून दिलेला असतो. तेवढं थांबणं रिझ्यूममध्येच हवं, वाचनाच्या फंक्शनमध्ये नको. कारण रिझ्यूम परत आला याचा अर्थच "डिव्हाइस आता वापरायला तयार" असा आहे. एडीसीची वीजही कापत असाल तर तिची सेटिंग जातात, ती पुन्हा लिहावी लागतील. रेगमॅप (चिपच्या सेटिंगची नोंद ठेवणारी कर्नलची सोय) वापरत असाल तर झोपताना कॅश_ओन्ली आणि मार्क_डर्टी, उठताना रेगकॅश_सिंक, एवढ्यावर भागतं.

आणि ऑटोसस्पेंडची मुदत या वॉर्म-अपकडे बघून ठरवा. कर्नलमधला बीएमपी280 दाबमापकाचा ड्रायव्हर बघा. उठायला जेवढा वेळ लागतो त्याच्या शंभरपट मुदत तो ठेवतो: 2 मिलिसेकंद उठायला, 200 मिलिसेकंद मुदत. तुमच्याकडे शंभरपट परवडणार नाही. दोन वाचनं एका दमात होतील एवढी मुदत पुरे.

घटप्रभा_कालवा · दुपारी 1:15

मुदत का, हे ज्यांना प्रश्न पडेल त्यांच्यासाठी. गुऱ्हाळात एक काहील उतरली की पुढच्या आधणापर्यंत चुलवाण विझवत नाहीत. पुन्हा पेटवायला जळण जास्त जातं. पण त्या दिवशीचा ऊस संपला असेल तर रात्रभर जाळतही बसत नाहीत. ऊस अजून आहे की संपला, हे गुळव्याला माहीत असतं, तसं ते ड्रायव्हर लिहिणाऱ्याला माहीत असायला पाहिजे. कर्नल फक्त घड्याळ बघतो.

मच्छे_हॉस्टेल · दुपारी 3:40

सर, ताई, मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला पर्जन्यमापक करतोय. टिपिंग बकेट (पाऊस मोजणारी डोलती वाटी) पलटी झाली की जीपीआयओवर (बोर्डची चालू-बंद पिन) इंटरप्ट येतो. इंटरप्ट हँडलरमध्ये गेट_सिंक बोलावलं की कर्नल "स्लीपिंग फंक्शन" म्हणून ओरडतो. काय करू?

वडगाव_माग · दुपारी 4:02

कर्नल बरोबर ओरडतोय. रिझ्यूममध्ये रेग्युलेटर, थांबणं, आयटूसी ट्रान्सफर, सगळं झोपू शकणारं. हार्ड इंटरप्टमध्ये ते चालत नाही. थ्रेडेड इंटरप्ट घे, थ्रेडच्या भागात रिझ्यूम_अँड_गेट बोलाव. नुसतं पीएम_रनटाइम_गेट इंटरप्टमध्ये चालतं, पण ते फक्त काम वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांची रांग) टाकतं. परत आलं तेव्हा डिव्हाइस उठलेलं असेलच असं नाही, म्हणून लगेच रजिस्टरला हात लावायचा नाही. आयआरक्यू_सेफ नावाचा एक मार्गही सापडेल, तो घेऊ नकोस: त्यानं पालक डिव्हाइस कायमचं जागं राहतं.

पण आधी एक विचार. बकेट पलटल्यावर तुला फक्त मोजणी एकनं वाढवायची असेल तर कुठलं डिव्हाइस उठवायचं कारणच काय? मोजणी हँडलरमध्ये वाढव आणि मोकळा हो.

मच्छे_हॉस्टेल · दुपारी 4:10

खरंच की ताई. उठवायची गरजच नाही.

निपाणीकर · संध्याकाळी 6:30

एक विरोधी मत मांडतो. एवढं सगळं करण्यापेक्षा एक मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि जीपीआयओ लावून यूजरस्पेसमधून ट्रान्समीटरची वीज कापली असती तर? तीन ओळींचं शेल स्क्रिप्ट.

घटप्रभा_कालवा · संध्याकाळी 7:05

एकच वाचणारा असेल तर चालेल. दुसरा आला की कोण वापरतंय आणि कोण बंद करतंय याची वही पुन्हा तुम्हालाच ठेवावी लागते, आणि स्क्रिप्ट मधेच मेलं तर नाव खोडायला कुणी उरत नाही. जांबोटीत तर आत्ताच पाणी आणि तापमान असे दोन वाचणारे झालेत.

निपाणीकर · संध्याकाळी 7:20

पटलं. पण मोडेमच्या बाबतीत मी माझ्या मतावर ठाम आहे. त्याला "ऑन" ठेवा, ऑटोसस्पेंडच्या नादी लागू नका. संदेश पाठवायचा नसेल तेव्हा एटी+सीएफयूएन=4 देऊन रेडिओ बंद करा. मोडेमची बहुतेक वीज रेडिओतच जाते.

वडगाव_माग · संध्याकाळी 7:34

मोडेमसाठी मलाही हेच योग्य वाटतं. फक्त पूर आला तर संदेश लगेच जायला हवा, तेव्हा पाण्याची एक पातळी ठरवा. त्यावर गेलं की रेडिओ चालूच.

जांबोटी, आणखी दोन गोष्टी तपासा. प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जातो तेव्हा चालणारं फंक्शन) तुम्ही बूस्ट चालू करत असाल तर पीएम_रनटाइम_इनेबलच्या आधी सेट_ॲक्टिव्ह हवं. कर्नल सुरुवातीला प्रत्येक डिव्हाइस सस्पेंडेड धरतो. वहीत झोपलेलं आणि प्रत्यक्षात जागं अशी तफावत पहिल्याच मिनिटाला नको. आणि रनटाइम_सस्पेंडमधून वाटेल तो एरर देऊ नका. ईबिझी किंवा ईअगेन दिला तर कर्नल "आत्ता नको" एवढंच समजतो. दुसरा कुठलाही दिला तर तो डिव्हाइस बिघडलं असं धरतो आणि तुम्ही स्टेटस पुन्हा सेट करेपर्यंत त्याच्या वाटेला जात नाही.

जांबोटी_रान · रविवार, दुपारी 2:15

सेट_ॲक्टिव्ह नव्हतं, घातलं. सस्पेंडमध्ये मी आयटूसीचा एरर तसाच वर देत होतो, तेही बदललो. वॉर्म-अपला डेटाशीटमध्ये 500 मिलिसेकंद आहेत, ते रिझ्यूममध्ये टाकलो. ताईंनी सांगितल्यावर पहिल्या आठवड्याचा लॉग काढला: प्रत्येक वाचन 10 ते 15 सेंटिमीटर कमी. आम्हाला "झकास" वाटत होतं ते तसं नव्हतं.

मल्टिमीटरवर पूर्ण यंत्र आधी सरासरी 2.2 वॅट घेत होतं, आता 1.4. त्यात ट्रान्समीटरचे 0.4, मोडेमचा रेडिओ बंद ठेवून साधारण 0.3, आणि न वापरलेला इथरनेट खाली घेऊन उरलेलं. बॅटरीतली निम्मी वीजच वापरायची धरली तर 156 वॅट-अवर हाताशी येतात. ऊन अजिबात नसेल तर आधी 71 तास चालायचं, आता 111. आमच्याकडं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, ढगातून थोडंफार चार्ज होतंय तेवढंच. त्यामुळं दुसरी बॅटरी लागणारच. गावात वर्गणी सुरू केलीय.

उद्यमबाग_व्हीएमसी · दुपारी 3:30

काल दुपारपासून लाइन एकदा पण तुटली नाही. सलग दोन लांब प्रोग्राम गेले. मालकाला हा धागा वाचून दाखवलो.

जांबोटी, ट्रान्समीटरला पाण्यात ठेवायला पाइप आणि ब्रॅकेट कसलं लावलंय? पुरात ओंडके येतात. स्टेनलेसचं पाहिजे असेल तर माप पाठव, मी करून देतो.

जांबोटी_रान · सोमवार, सकाळी 8:05

दादा, पीव्हीसी आहे, आणि एकदा वाकलाय. माप आज संध्याकाळी पाठवतो.

रात्री वरच्या बाजूला जोराचा पाऊस झाला. पहाटे साडेपाचला ग्रुपवर 112 सेमी आलं. मी टॉर्च घेऊन पुलावर गेलो. खांबावर आम्ही रंगानं पट्ट्या मारल्यात, पाणी 110 च्या पट्टीच्या किंचित वर होतं. पोरांना वरच्या वाटेनं यायला सांगितलं. सहाला पुन्हा बघितलो: यूसेज 0, सस्पेंडेड.